क्रथोंग: पाण्याची क्षमा मागणारा द्रोण, घडवायचा कसा आणि सोडायचा कसा

माझा पहिला क्रथोंग बुडाला नाही, आडवा झाला. जाडजूड मेणबत्ती, तीही जरा कडेला टोचलेली, मागे लांबच लांब उदबत्त्या आणि एकाच बाजूला झेंडूची गच्च रास. बँकॉकच्या एका कालव्याच्या पायरीवरून सोडला, हातभर पुढे गेला आणि दमलेल्या माणसासारखा कुशीवर कलंडला. मेणबत्ती चुर्र करून विझली. शेजारची पा बघत होती. ती हसली नाही, हे तिचे उपकार. थाईत 'पा' म्हणजे आईवडलांपेक्षा वयानं मोठी असलेली मावशी किंवा आत्या. इथे शेजारपाजारच्या वयस्क बायकांना सर्रास तसंच म्हणतात. ती मला 'नू' म्हणते. त्याचा शब्दशः अर्थ उंदीर, पण लेकीबाळींना लाडानं मारायची हाक आहे. "नू, तू पाण्याला सजवलेला केक दिलास," ती म्हणाली. "क्रथोंग तळापासून बांधायचा असतो."

पुढच्या वर्षी तिच्या ओट्यावर बसून शिकले. बँकॉकला नव्यानं आलेल्या मराठी मंडळींना दरवर्षी तेच ते सांगावं लागतं, म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे.

आधी शब्द

क्रथोंग म्हणजे द्रोण. अगदी आपला पानांचा द्रोण. थाई स्वयंपाकघरात हा शब्द वर्षभर वापरात असतो: नारळाचं दूध आणि मसाला घातलेलं माशाचं 'हो मोक' वाफवायचं ते केळीच्या पानाच्या क्रथोंगमध्येच. 'लॉय' म्हणजे तरंगणं किंवा तरंगत सोडणं. लॉय क्रथोंग म्हणजे द्रोण पाण्यावर सोडणं, बस. बोलताना बरेच लोक मधला 'र' गाळून 'कथोंग' म्हणतात. फुलवालीला तुमचा 'क्र' कळला नाही तर तसं म्हणून बघा.

लॉय क्रथोंगचा सण थाई चांद्रवर्षाच्या बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला येतो, बहुधा नोव्हेंबरात. पंचांग उघडलंत तर ती बहुतेक वेळा आपली त्रिपुरी पौर्णिमाच निघते. २०२४ साली दोन्ही १५ नोव्हेंबरला होत्या. सार्वजनिक सुट्टी मात्र नसते. ऑफिस सुटल्यावर धावपळ करायची आहे हे धरून चाला. सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि साडेसहापासून घाटांवर पाय ठेवायला जागा मिळत नाही.

कशासाठी सोडायचा

नवखा माणूस समजतो की मनात इच्छा धरायची आणि दिवा सोडायचा. इच्छा मागतातच, नाही असं नाही. पण माझ्या पा-ला विचाराल तर ती नंतरची गोष्ट. आधी 'खो खमा'. 'खो' म्हणजे मागणं आणि 'खमा' म्हणजे क्षमा, पालीतून आलेली. कोणाकडे मागायची? 'फ्रा मे खोंगखा'कडे. 'मे' म्हणजे आई आणि खोंगखा म्हणजे गंगा. थायलंडच्या नकाशावर गंगा नाही, तरी चाओ फ्राया असो, पिंग असो की गल्लीमागचा कालवा, पाण्याची देवी ती गंगामाईच. वर्षभर तुझं पाणी प्यायलो, त्यावर भात पिकवला, त्यातच घाण टाकली, पाय दिले, माफ कर. हे म्हणायचं आणि मग आभार मानायचे. ईशान्येकडच्या रोई एत शहरात या सणाच्या नावातच 'सोम्मा नाम' आहे, म्हणजे पाण्याची माफी.

एकदा हे डोक्यात बसलं की क्रथोंग कसा करायचा याचे निम्मे प्रश्न सुटतात. माफी मागायला जाताना आपण समोरच्याच्या अंगणात कचरा टाकत नाही. थर्माकोल नको, प्लास्टिकची फीत नको, चमकी नको, लोखंडी टाचणी नको. नियम पाठ करायची गरजच पडत नाही.

दुसरं कारण बौद्ध आहे आणि ते ऐकून मी उडालेच. थाई परंपरा म्हणते की क्रथोंग वाहत वाहत 'नम्मथा' नदीकाठच्या बुद्धाच्या पाऊलखुणेची पूजा करायला जातो. नम्मथा म्हणजे नर्मदा! आपल्या नंदुरबारच्या उत्तर सीमेवरून जाते तीच. मूळ कथा पाली अट्ठकथेत, म्हणजे बौद्ध ग्रंथांवरच्या जुन्या टीकेत आहे. सुप्पारकचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा, पुण्ण नावाचा व्यापारी भिक्खू झाला आणि त्याच्या मुलखात बुद्ध आले. परतताना ते नर्मदेकाठी नागराजाकडे थांबले. पूजेला काहीतरी ठेवून जा, अशी नागानं विनवणी केली, तेव्हा त्यांनी काठावर पाऊल उमटवलं: लाट आली की झाकलं जाणारं, ओसरली की दिसणारं. बँकॉकच्या एका कालव्याच्या काठावर, डास मारता मारता, एक थाई बाई मला सोपारा ते नर्मदा हा प्रवास सांगत होती. मी वसईला दहा वर्षं राहिले आणि सोपाऱ्याचा स्तूप एकदाही बघितला नव्हता. तो भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उत्खनन करून उजेडात आणला.

उत्तरेत आणखी एक धागा मिळतो, तो समुद्रात राहणाऱ्या उपगुप्त भिक्खूच्या पूजेचा. आणि सगळीकडे, मनातली अढी, राग, वर्षभराची पीडा पाण्याबरोबर जाऊ दे, ही भावना. एकाच घरात आजी एक कारण सांगते, नातू दुसरं. त्यावरून कुणी भांडत नाही.

शाळेतल्या मुलांना मात्र तिसरीच गोष्ट माहीत असते. सुखोथाईच्या राजदरबारात नांग नोप्पमात नावाची विदुषी होती, ब्राह्मणाची लेक, आणि कमळाच्या आकाराचा पहिला क्रथोंग तिनं केला. तिच्या नावानं सणाच्या रात्री सौंदर्यस्पर्धाही भरतात. गोष्ट सुरेख आहे, पण ज्या ग्रंथात ती आहे त्यात अमेरिकनांचाही उल्लेख येतो. सुखोथाईचं राज्य तेराव्या-चौदाव्या शतकातलं! राजपुत्र दामरोंगसारख्या जाणकारांनी म्हणूनच तो ग्रंथ खूप नंतर, बँकॉकच्या राजांच्या काळात लिहिला गेल्याचं मानलं. १२९२ चा मानल्या जाणाऱ्या, सुखोथाईचा राजा रामखामहेंग याच्या शिलालेखात दिवे पेटवण्याचा आणि आगीच्या खेळांचा उल्लेख सापडतो, क्रथोंगचा नाही. सुखोथाईच्या जुन्या अवशेषांमध्ये आजही सण साजरा होतो तो त्याच 'दिवे पेटवा, आग खेळवा' या शब्दांनी.

काय काय आणायचं

बँकॉकमध्ये असाल तर पाक ख्लोंग तलात या फुलबाजारात जा. बाजार रात्रभर उघडा असतो. केळीच्या खुंटाच्या चकत्या, पानांच्या गुंडाळ्या, बांबूच्या चोया, फुलं, सगळं एका फेरीत होतं. कपडे जुने घाला. केळीचा डाग काही जात नाही, हे आपल्याकडच्या कुणालाही सांगायला नको, तरी दरवर्षी कुणीतरी पांढऱ्या कुर्त्यात येतंच.

एका क्रथोंगला पुढचं सामान पुरतं:

- केळीच्या खुंटाची चकती: साधारण १५ सेंमी रुंद आणि ३ सेंमी जाड
- केळीची पानं: दोन मोठी, न फाटलेली
- बांबूच्या बारीक चोया: ३० ते ४०, तीन-चार सेंमी लांब
- एक बारीक मेणबत्ती आणि तीन उदबत्त्या
- फुलं: ओंजळभर
- टोकदार कात्री, धारदार सुरी, ओलं फडकं, पाण्यानं भरलेली बादली

चकती ताजी हवी. आदल्या दिवशी कापलेली काळी पडते आणि तिला चीक सुटत राहतो. घरी खुंट कापणार असाल तर सकाळी कापा आणि कापलेली बाजू खाली करून अर्धा तास निथळत ठेवा. खुंट तरंगतो तो आतल्या हवेच्या कप्प्यांमुळे. चकती हातात धरून उजेडाकडे बघा, मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसेल. ही जाळी जितकी शाबूत, तितका क्रथोंग टिकतो. म्हणून सुरीनं एका दमात कापा, करवतीसारखं घासू नका.

पानांबाबत इथले कारागीर फार चोखंदळ असतात. 'तानी' जातीच्या केळीचं पान त्यांना हवं असतं, कारण ते जाड, चिवट असतं आणि घडी घालताना तडकत नाही. दुसरं कुठलं पान मिळालं तर तासभर उन्हात मरगळू द्या. पानगी करताना आपण पान विस्तवावरून फिरवतो ना, तसं गॅसवर फिरवलं तरी चालतं, फक्त हलक्या हातानं. रंग बदलला की ते पान जेवणाच्या कामाचं, क्रथोंगच्या नाही.

फुलांत झेंडू सगळ्यांत जास्त चालतो. थाईत त्याचं नाव 'दाओ रुआंग', म्हणजे झळाळता तारा. जांभळे गोंडे, म्हणजे 'बान माय रू रॉय', न कोमेजता फुलणारं फूल. आणि रुई! आपण शनिवारी मारुतीला वाहतो ती. इथे तिला 'रक' म्हणतात आणि 'रक' म्हणजेच प्रेम. त्यामुळे जोडप्यांच्या क्रथोंगमध्ये रुईची पांढरी फुलं हटकून असतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आवरेना.

चोया बांबूच्याच हव्यात. आपल्याकडे पत्रावळ टाचायला वापरतात तशाच असतात. भारतात हा क्रथोंग कराल तर कोऱ्या खराट्याचे हीर तिरके कापून घ्या, फार छान काम होतं. स्टेपलर आणि टाचण्या सोप्या वाटतात, पण त्या माशाच्या, पक्ष्याच्या पोटात जातात, नाहीतर खत करायच्या यंत्रात.

बांधणी

१. पान ओल्या फडक्यानं पुसा, शिरांच्या दिशेनंच, आडवं नाही. मग मधला दांडा काढून टाका. आता पट्ट्या: पाच सेंमी रुंद, वीस सेंमी लांब. त्या शिरांच्या रेषेतच, म्हणजे दांड्याकडून कडेकडे जाणाऱ्या रेषेत, कापायच्या. सुरीनं टोकाला चीर द्या आणि फाडा, पान आपणहून सरळ फाटतं. अशा वीसेक पट्ट्या लागतील, वर चार-पाच जास्तीच्या. पहिल्या तीन वाया जाणार हे गृहीतच धरा.

२. एक पट्टी आडवी धरा, चकचकीत बाजू बाहेर. मध्यावर बोट ठेवा. उजवा अर्धा भाग तिरका दुमडून खाली सोडा, मग डावाही तसाच. दोन पाय शेजारी शेजारी लोंबताहेत आणि वर बाणाचं टोक तयार झालंय, असं दिसलं पाहिजे. आता हा बाण उभा मधोमध मिटा. पाच सेंमी रुंद, दहा सेंमी उंच अशी पाकळी झाली. तळाशी एक चोय टोचा म्हणजे उलगडणार नाही. झालेली पाकळी लगेच पाण्यात टाका. सगळ्या होईपर्यंत पहिल्या सुकून वेड्यावाकड्या होतात, माझ्या तशाच झाल्या होत्या.

ही सगळ्यांत सोपी घडी. पा जी घालते त्यात गुलाबासारखी पाकळीवर पाकळी चढते आणि तिची बोटं इतकी भराभर चालतात की तीन वर्षं बघूनही मला ती जमलेली नाही. ती न बघता टोचते. चोय पानातून जाताना 'टक' असा आवाज येतो. तो आवाज नाही आला तर दुसरा थर सुटलाय, असं ती सांगते. हे मात्र मी उचललं. चोय टोचताना आता टीव्ही बंद असतो.

३. चकतीची बाजू झाका. कडेभोवती पानाची लांब पट्टी गुंडाळून दोन-तीन ठिकाणी टाचा. खुंटाचा पांढरट रंग वाईट दिसतो म्हणून नव्हे फक्त; पाकळ्या घसरत नाहीत.

४. पाकळ्या लावा. पहिली पाकळी चकतीच्या कडेला, टोक वर, तळ चकतीच्या तळाशी समपातळीत. दुसरी पहिलीला अर्धी झाकेल अशी. पंधरा सेंमीच्या चकतीला अशा अठरा ते वीस बसतात. शेवटची पाकळी पहिलीच्या आत सरकवायची, म्हणजे सुरुवात कुठे झाली ते कळत नाही. चोय थेट चकतीत घुसू द्या, वरवर नको. मग उलटं करून तळाशी बाहेर आलेलं पान कात्रीनं छाटा. खाली लोंबणारं पान पाण्यात ओढ घेतं आणि क्रथोंग गोल गोल फिरत बसतो.

५. आता थांबा. फुलं लावायच्या आधी बादलीत तरंगवून बघा. ही पायरी गाळली म्हणून माझा पहिला आडवा झाला. रिकामा क्रथोंग समपातळीत राहिला पाहिजे. कुठल्या बाजूला कलतो ते बघा आणि विरुद्ध बाजूला पानाचा एखादा तुकडा आतून टाचा. चकती वेडीवाकडी कापली गेली असेल तर इथेच कळतं. ती बदला, मायेनं जपू नका.

६. मेणबत्ती. बरोबर मध्यावर चोय अर्धी रुतवा, मेणबत्तीचा तळ काडीनं जरा तापवा आणि चोयीवर दाबून बसवा. उंची पाकळ्यांच्या टोकापेक्षा दोन-तीन बोटं जास्त. त्याहून उंच नको, वाऱ्यानं डोलते आणि क्रथोंगला डोलवते.

७. तीन उदबत्त्या: बुद्ध, धम्म, संघ. मेणबत्तीच्या मागे एकमेकींना चिकटून न लावता तिच्याभोवती त्रिकोणात लावा. वजन वाटलं जातं. लांब असतील तर खालून निम्म्या मोडा, देव मोजत नाही. हे माझं मत नाही, पा-चं.

८. फुलं शेवटी आणि थोडी. झेंडूची देठं बोटाच्या पेराइतकी ठेवून चकतीत खोचा, आधी समोरासमोर दोन, मग आडवी दोन, मग मधल्या जागा. ज्योतीपासून दोन बोटं मोकळी ठेवा. ओला झेंडू दिसतो हलका, पण असतो चांगला जड. पाणी शिंपडायचंच असेल तर शेवटच्या क्षणी. पुन्हा एकदा बादलीत टाका. कलला तर फुलं काढा, वाढवू नका.

नाणं, नखं, केस? बरेच जण एखादं बाटचं, म्हणजे थाई चलनाचं, नाणं ठेवतात, गंगामाईला. काही जण कापलेल्या नखाचा किंवा केसाचा कण ठेवतात, म्हणजे पीडा त्याबरोबर जावी. नाण्याचं एक ध्यानात ठेवा: पलीकडे पाण्यात उभी असलेली पोरं ते काढून घेणार आहेत, मेणबत्ती विझवून. पहिल्यांदा फार राग येतो. पा म्हणते, गंगामाईला बाट कुठे चालतात? मी नाणं ठेवत नाही. नोट तर कधीच ठेवू नका.

वेळ नसेल तर विकतचा घ्या, लाज कसली. कोपऱ्याकोपऱ्यावर ५० बाटच्या आसपास साधा मिळतो. घेताना उलटा करून तळ बघा: खुंट आहे की पांढरा थर्माकोल? पावाचे रंगीत क्रथोंगही मिळतात, माशांना खाऊ म्हणून. मासे भरपूर असलेल्या वाहत्या पाण्यात एकवेळ ठीक. बागेतल्या बंद तळ्यात शेकडो पाव कुजले की पाण्यातला प्राणवायू घटतो आणि ज्या माशांसाठी पाव टाकला तेच गुदमरतात. तळं असेल तर पानांचा, छोटा, आणि घरटी एकच.

सोडताना

जागा आधी बघून ठेवा. बँकॉकमध्ये चाओ फ्रायाचे धक्के, कालव्यांचे काठ, देवळांची तळी आणि उशिरापर्यंत उघड्या ठेवलेल्या बागा, असे पर्याय आहेत. लहान मुलं बरोबर असतील तर नदीचा धक्का टाळा. तरंगता धक्का गर्दीनं डोलतो आणि लाँच गेली की लाट पायऱ्यांवर येते. माझी निवड नेहमी लहानशा देवळामागचा कालवा. वॉट साकेत देवळाच्या सोनेरी टेकडीवरची जत्रा याच सुमारास असते, तीही त्याच संध्याकाळी जमवता येते, पण तिथली गर्दी आपल्या जत्रेसारखीच असते, एवढं धरून जा.

पाण्याजवळ गेल्यावर आधी प्रवाह कुठे जातो ते बघा. एखादं पान टाका. भरती-ओहोटीच्या पाण्यात क्रथोंग उलटा तुमच्याचकडे यायची शक्यता असते, आणि अशा वेळी मागचे लोक हसतात. मग चपला काढून खाली बसा. उभ्यानं टाकत नाहीत. ज्योत आणि उदबत्त्या पेटवा, क्रथोंग दोन्ही हातांत घेऊन कपाळाच्या उंचीला धरा. "खो खमा फ्रा मे खोंगखा" एवढं मनात म्हटलं तरी पुरे, मराठीत म्हटलं तरी गंगेला कळेलच. मग इच्छा, असेल तर. क्रथोंग पाण्यावर टेकवा, हात लगेच काढू नका, तोल बसला की सोडा. ढकलायचा नसतो, हातानं शेजारचं पाणी हलकेच लोटायचं, तो आपण होऊन निघतो.

दिवा नजरेआड होईपर्यंत जळत राहिला तर वर्ष चांगलं. जोडप्यांचे दोन क्रथोंग शेजारी शेजारी गेले तर चांगलंच चांगलं. माझ्या नवऱ्याचा दरवेळी वेगळ्या दिशेला जातो. आम्ही अजून एकत्र आहोत.

चियांग मायला गेलात तर तिथे त्याच दिवसात यी पेंग असतं. उत्तरेच्या लान्ना पंचांगात हा दुसरा महिना, म्हणून 'यी', आणि 'पेंग' म्हणजे पौर्णिमा. फोटोंत दिसणारे आकाशातले कागदी दिवे ते हेच. त्यासाठी विमानांची वेळापत्रकं बदलतात, उड्डाणं रद्द होतात. वाटेल तिथून ते सोडायला परवानगी नसते आणि मला स्वतःला जळता कागद कुणाच्या छपरावर पडेल या विचारानं ते रुचत नाहीत. त्यापेक्षा ताक शहर बघा. तिथे पिंग नदीत पानांचे नव्हे तर नारळाच्या करवंट्यांचे दिवे सोडतात, एकामागोमाग एक, ठरावीक अंतरानं, की नदीवर दिव्यांची लांब माळ वळत जाते. वर्षावासात देवळात जळलेल्या मेणबत्त्यांचं उरलेलं मेण त्या करवंट्यांत ओततात. आणि मे क्लोंग नदीकाठच्या समुत सोंगख्रामला तर क्रथोंग म्हणजे केळीच्या सोपटाचा नुसता तुकडा, वर ज्योत. ना घडी, ना पाकळी. घडी जमलीच नाही तर त्यांचं उदाहरण द्या.

पुण्या-मुंबईत हे करून बघायचं असेल तर त्रिपुरीची रात्र तयारच आहे. वाईला, नाशिकला द्रोणातले दिवे सोडतात, गोव्यात साखळीला विठ्ठलापुरात वाळवंटी नदीवर नौकांची स्पर्धा रंगते, तिकडे ओडिशात त्याच पौर्णिमेला केळीच्या सोपटाच्या होड्या सोडून आग्नेय आशियाकडे निघालेल्या जुन्या व्यापाऱ्यांची आठवण काढतात. पाण्यात काही सोडायची परवानगी नसेल तिथे घरच्या परातीत पाणी घेऊन सोडा. आमच्या इमारतीतले दोघं तिघं बादलीतच सोडतात, आणि बँकॉकमध्ये अलीकडे मोबाइलवर रंगवलेला क्रथोंग प्रकाशानं कालव्यावर सोडायची सोयही झाली आहे.

दुसऱ्या दिवशी

त्याच रात्री महापालिकेच्या होड्या कामाला लागतात. २०२३ साली एकट्या बँकॉकमध्ये सहा लाखांहून जास्त क्रथोंग गोळा झाले, त्यातले ९६ टक्क्यांहून अधिक पानं, खुंट, पाव अशा नैसर्गिक वस्तूंचे होते. पानांचे वेगळे काढून, बारीक करून त्यांचं खत करतात. पहाटे कालव्यावर गेलात तर जाळीच्या लांब दांड्यानं ते ओढून घेणारे कामगार दिसतात. टाचणी हाताला लागली की ते काय बोलतात, ते थाई येत नसतानाही कळतं.

घरात मात्र अर्धं पान, खुंटाचा तुकडा आणि चोयांचं अर्धं बंडल उरतं. पान टाकू नका. मी त्यावर तांदळाच्या पिठाची पानगी लावते आणि तुकडाभर पा-ला नेऊन देते. तिला ती आवडते, फक्त तिखट कमी वाटतं. दुपारी ती चार कोनांचे छोटे द्रोण घेऊन येते, तशाच चोयीनं टाचलेले, आत वाफाळतं हो मोक. "क्रथोंग," ती म्हणते आणि माझ्या हातात ठेवते. "हा नाही बुडत."